सेकंदकाट्याचा कौल

माझ्या लग्नाची बैठक बावन्नाव्या सेकंदाला मोडली. काटा तीन सेकंद मागे असता तर ती मोडली नसती. हे मी रागाने म्हणत नाही. म्हणजे रागाने म्हणतेच, पण मोजूनही म्हणते.

मी शलाका वालावलकर, एम.एस्सी. संख्याशास्त्र. पुण्यात एका छोट्या कंपनीत काम करते. आमची कंपनी ‘समतोल’ नावाचं सॉफ्टवेअर बनवते. ते मुळात पोकर खेळणाऱ्यांसाठी होतं. खेळाडू आपला डाव त्यात घालतो आणि कुठे काय खेळायला हवं होतं ते समतोल सांगतो. सांगतो तो आकड्यांत. त्या आकड्यांचा अर्थ खेळाडूंना मराठीत समजावून देणं हे माझं काम. ओजस खैरनार माझ्याकडे असाच शिकायला आला. तो नाशिकचा, पोटापाण्यासाठी पोकर खेळणारा, आणि शंका आली की लगेच हात वर करणारा. दीड वर्षात आमचं लग्न ठरायच्या बेताला आलं.

थोडं शास्त्र सांगते, कारण पुढचा सगळा वैताग त्यातूनच आला आहे.

पोकरमध्ये समोरच्याचे पत्ते दिसत नाहीत. नेहमी चांगल्या पत्त्यांवरच मोठी पैज लावली, तर समोरचा ते ओळखतो आणि आपले पत्ते टाकून मोकळा होतो. वाईट पत्त्यांवर सारख्या थापा मारल्या, तर तो पकडतो. मग थाप किती वेळा मारायची? समतोल हे पस्ताव्यातून शिकतो. तो स्वतःशीच कोट्यवधी डाव खेळतो आणि प्रत्येक डावानंतर स्वतःला विचारतो, की इथे दुसरी चाल खेळलो असतो तर किती बरं झालं असतं? ज्या चालीचा पस्तावा जास्त, ती पुढच्या वेळी जरा जास्त वेळा खेळायची. असं करत करत आकडे एका जागी स्थिरावतात. दोघांचाच खेळ असेल आणि एकाचं नुकसान हाच दुसऱ्याचा फायदा असेल, तर त्या आकड्यांप्रमाणे खेळणाऱ्याला दीर्घकाळात कुणीही हरवू शकत नाही.

पहिल्या दिवशी मी प्रत्येक विद्यार्थ्याला दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे, समतोलला तुम्ही दिलेल्या चालीच माहीत असतात. चालींचं झाड तुम्हीच काढून द्यायचं असतं. त्यात पैज पन्नासाची किंवा शंभराची असं लिहिलं, तर सत्तरची पैज त्याच्या जगातच नसते. दुसरी गोष्ट अशी, की ‘कधी हे करा, कधी ते करा’ अशी मिसळ तो सांगतो, तेव्हा त्या दोन्ही चालींची किंमत तुम्हाला अगदी सारखी असते. एक चाल केसभर जरी सरस असती, तरी त्याने दर वेळी तीच खेळायला सांगितली असती.

ही दुसरी गोष्ट कुणीही वहीत लिहून घेत नाही.

आता ‘तीनातल्या एका वेळी थाप मारा’ हे पाळायचं कसं? माणसाला ठरवून बेभरवशाचं वागता येत नाही. एकदा थाप मारली, की पुढच्या वेळी तो आपोआप साधू होतो. म्हणून खेळाडू घड्याळाकडे बघतात. सेकंदकाटा शून्य ते वीसमध्ये असला तर थाप, नाहीतर गप्प. स्पर्धांमध्ये टेबलावर विजेवर चालणारी कुठलीही वस्तू न्यायची बंदी आली, तेव्हा ओजसला चावीचं मनगटी घड्याळ हवं होतं. मी त्याला माझ्या बाबांचं दिलं. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि घड्याळ कपाटात पडून होतं. काटा कसा वाचायचा, बघितलेलं समोरच्याला कळू कसं द्यायचं नाही, हेही मीच शिकवलं. हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

मागच्या वर्षी कंपनीने समतोलची गृह-आवृत्ती काढली. पूर्वी एक डाव सोडवायला कित्येक तास लागायचे, ते काम आता फोन दोन सेकंदांत करू लागला होता, आणि साध्या बोलण्यातूनही झाड तयार करता येऊ लागलं होतं. कोण कोण बोलणार आहे, कोण काय काय म्हणू शकतं, आणि शेवटी काय झालं तर कुणाला कितपत बरं वाटेल, एवढं सांगायचं.

“पण घर म्हणजे दोघांचा खेळ नाही,” मी मीटिंगमध्ये म्हणाले. “आणि एकाचं नुकसान दुसऱ्याचा फायदाही नसतो. आपलं गणित इथे लागूच पडत नाही.”

“लोक ते पगारवाढ मागायला वापरतील गं,” साहेब म्हणाले. “घरी कोण वापरतंय?”

चार महिन्यांत कोथिंबिरीची जुडी कितीला असं विचारलं, की भाजीवाला घड्याळ बघायला लागला. मी राहते त्या घराच्या मालकीणबाईंना गरम पाण्याबद्दल विचारलं, की त्या भिंतीकडे बघून मग “आज नाही” म्हणायच्या. भिंतीवर घड्याळ होतं.

अशा काळात आमच्या याद्यांची बैठक ठरली.

बाकी हॉल, पंगत, मानपान यांतलं मला काहीच नको होतं. मला एकच गोष्ट हवी होती. माझी आई कुडाळला एकटी राहते. शाळेत गणित शिकवायची, आता निवृत्त झाली आहे. तिच्या डोळ्यांचा मॅक्युला झिजत चालला आहे. म्हणजे बरोबर मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. मार्चमध्ये तिने उकळतं दूध पातेल्याच्या बाहेर ओतलं, पायावर. लग्नानंतर तिने पुण्याला आमच्याबरोबर, ओजसच्या वारज्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहावं असं मला वाटत होतं. पुण्याच्या डॉक्टरांकडे ओजसही आला होता. डॉक्टर घरात काय काय बदल करायचे ते सांगत होते आणि हा फोनमध्ये डोकं घालून बसला होता. पण बाहेर आल्यावर म्हणाला, “काकू आपल्याकडेच राहतील. बैठकीत मीच सांगतो बाबांना.”

एवढंच ठरलं होतं. एक वाक्य, त्याने, त्याच्या वडिलांसमोर बोलायचं.

बैठक नाशिकला खैरनारांच्या घरी होती, रविवारी दुपारी. आई आणि मी सोफ्यावर, ओजस समोर, त्याच्या शेजारी त्याचे वडील दिनकरराव. दिनकरराव निवृत्त मुख्याध्यापक आहेत. कानाला श्रवणयंत्र, आणि आता त्या श्रवणयंत्रात समतोल. त्याची आई, नलिनीकाकू, चिवड्याच्या बशा फिरवत होत्या.

“आमची तशी काही अपेक्षा नाही,” दिनकरराव म्हणाले.

“आमचंही काही नाही,” आई म्हणाली. “तुम्ही म्हणाल तसं.”

या दोन वाक्यांवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लग्नं जमली आहेत. पत्ते चांगले असणाराही हेच म्हणतो आणि नसणाराही हेच म्हणतो. शंभर वर्षांपूर्वी कुणी समतोल वापरला असता, तरी त्याने हेच वाक्य दिलं असतं.

“माणसं किती धरायची?” नलिनीकाकूंनी विचारलं.

दिनकररावांनी डोकं जरा कलतं केलं आणि ते थांबले. एक, दोन, तीन. आम्ही सगळे थांबलो.

“सातशे,” ते म्हणाले.

“सातशे?” नलिनीकाकूंनी हातातली बशी टेबलावर ठेवली. “अहो, काल तर दीडशे म्हणत होतात!”

“तू मध्ये बोलू नकोस.”

“मी मध्ये? माझ्या मुलाचं लग्न आहे, मी मध्ये कशी? ते कानातलं काढा आधी. सकाळी चहा घेणार का विचारलं तर पाच सेकंद थांबून ‘कदाचित’ म्हणाले, विहीणबाई. चहाला कदाचित!”

आई हसली. मीही हसले. मला वाटलं, बरं चाललं आहे.

मग दिनकरराव आईकडे वळले. “विहीणबाई, लग्नानंतर आपण कुडाळलाच असणार ना? नाही, सहज विचारलं.”

आईने चेहरा ओजसच्या दिशेने वळवला, जरासा बाजूला, कारण तिला कडेनेच दिसतं. मीही ओजसकडे पाहिलं. नलिनीकाकूंनीसुद्धा पाहिलं.

ओजसने चिवड्याची बशी खाली ठेवली. ठेवताना मनगट एवढंसं वळलं. बशीकडे बघितल्यासारखी त्याची नजर खाली गेली आणि वर आली. दुसऱ्या कुणाला काही कळलं नसतं. मला कळलं, कारण ती लकब मी त्याला तीन आठवडे घासून शिकवली होती.

“ते नंतर बघू,” तो म्हणाला. “सगळ्यांच्या सोयीने.”

मी उठले. “आई, चल.”

“अगं, जेवण?” नलिनीकाकू म्हणाल्या.

“नंतर बघू,” मी म्हणाले. “सगळ्यांच्या सोयीने.”

ओजस फाटकापर्यंत धावत आला. आईला मी रिक्षात बसवलं आणि परत वळले.

“फोन दाखव.”

“शलाका, ऐकून घे...”

“झाड दाखव, ओजस.”

त्याने दाखवलं. दिनकररावांच्या प्रश्नाखाली तीन फांद्या होत्या. हो, नाही, नंतर बघू. ‘हो’ त्र्याऐंशी टक्के, ‘नंतर बघू’ सतरा, ‘नाही’ शून्य. म्हणजे काटा पन्नासच्या आत असला तर हो, पन्नासच्या पुढे नंतर बघू.

“किती होता?”

“बावन्न.” तो अजिजीने म्हणाला. “शलाका, त्र्याऐंशी टक्के हो होतं! नव्वदच्या जवळपास! नशीब बघ ना माझं.”

इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि इतक्या संतापातही माझ्या डोक्यात पहिला आला तो धडा क्रमांक दोन.

“मिसळ कधी निघते?” मी विचारलं. “सांग. पहिल्या दिवशी शिकवलंय मी.”

त्याला आठवलं. चेहराच सांगत होता.

“दोन्ही चालींची किंमत सारखी असेल तेव्हा,” मी म्हणाले. “त्र्याऐंशी काय नि त्रेपन्न काय. माझ्या आईला हो म्हणणं आणि न म्हणणं तुला सारखंच होतं. केसाचाही फरक नव्हता. असता, तर शंभर टक्के आलं असतं.”

“असं नाही. मी आकडे घाईत भरले होते...”

“आणि हे काय आहे?”

‘नंतर बघू’च्या फांदीखाली माझं नाव होतं आणि त्याला छोटं कुलूप. समोरच्याची एखादी सवय पक्की माहीत असेल, तर ती फांदी कुलूपबंद करायची सोय आहे आमच्यात. मग समतोल ती सवय गृहीतच धरतो. त्या कुलपाशेजारी लिहिलं होतं: *शलाका चिडते, दोन दिवस बोलत नाही, मग मान्य करते. ९६%.*

“दोन दिवस?”

“सरासरी,” ओजस म्हणाला. म्हणाल्यावर त्याने डोळे मिटले.

“घड्याळ दे.”

त्याने मनगटावरून काढून दिलं. मी रिक्षात बसले.

त्याच रात्रीच्या गाडीने आम्ही कुडाळला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर घड्याळाला चावी देत देत तिने मला सगळं दोनदा समजावून सांगायला लावलं. गणिताची बाई. टक्के तिला लगेच कळले.

“म्हणजे कौलच की,” ती म्हणाली.

आमच्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही.

“तसंच,” मी म्हणाले.

“तसंच कसं गो? विहीर कुठे खणायची, पेरणी कधी करायची, असल्याला कौल लावतात. जे माणसाला कळायला मार्ग नाही ते देवाला विचारायचं. मला ठेवायचं की नाही हे त्याचं त्याला कळत नव्हतं?” तिने घड्याळ कानाशी धरून टिकटिक ऐकली. “आणि तूही एक शहाणी. तुम्ही दोघांनी माझ्यावर एवढं झाड काढलंत. पण मला कुणी विचारलंत का, येतेस का म्हणून?”

मी खरंच विचारलं नव्हतं. ती “माझं काही नाही” म्हणते, हे मी गृहीत धरलं होतं. माझंही एक कुलूप होतंच म्हणायचं.

“येतेस का?” मी विचारलं.

“येईन. मला स्टोव्हची भीती वाटते आता.” ती पहिल्यांदाच हे बोलली. “पण टक्क्यांवर नाही येणार. त्याला पुरतं हवं असेल तर.”

इथून पुढचे बारा दिवस फार वाईट गेले. ते ओजसमुळे कमी आणि माझ्या शिक्षणामुळे जास्त. तिसऱ्या दिवशी मी बोलले नाही, तेव्हाच त्याचं कुलूप चुकीचं ठरलं होतं. मी ऑफिसात त्याचं झाड जसंच्या तसं पुन्हा बांधलं, माझ्या नावाचं कुलूप काढलं, आणि तिथे ‘सोडून जाते’ ही फांदी जोडली. दोन सेकंदांत उत्तर आलं. हो: शंभर टक्के.

मला आनंद व्हायला हवा होता. उलट मी लॅपटॉप दाणकन मिटला. कारण हे झाड त्यालाही बांधता येत होतं. आता त्याने फोन करून “हो, काकू येऊ देत” म्हटलं, तर ते कुणाचं हो? फुलं घेऊन आला तर? रडला तर? ज्या माणसाकडे समतोल आहे, त्याच्या कुठल्याच बोलण्याला काही किंमत उरत नाही, आणि हे लाखो लोकांच्या खिशात घालणाऱ्या कंपनीकडून मी पगार घेत होते. मी साहेबांना तसं लांबलचक पत्र लिहिलं. साहेबांनी आठ सेकंदांनी उत्तर पाठवलं, “नंतर बघू.”

ओजसचा मात्र फोन आला नाही.

तेराव्या दिवशी आला तो नलिनीकाकूंचा. तेव्हा आई तपासणीसाठी पुण्यात आली होती.

“शलाका, त्या मुलाने फ्लॅटचं काय करून ठेवलंय ते बघून ये बाई. घरमालकाचा मला फोन! मला! यांना तर त्याने मागेच सांगून टाकलंय, काकू इथेच राहणार म्हणून. यांच्या कानातल्याने अजून उत्तर दिलेलं नाही.”

“काय केलंय त्याने?”

“मी काय सांगू? तू जा आणि बघ.”

मी आईला घेऊनच गेले. दुपारचे दोन वाजले होते. ओजसने दार उघडलं. दाढी वाढलेली, कोपरापर्यंत निळे डाग. त्याच्या मागे तो फ्लॅट, जो पूर्वी नखशिखांत फिक्या बदामी रंगाचा होता. भिंती, दारं, चौकटी, स्विचबोर्ड, सगळं एकाच रंगात विरघळलेलं. आता प्रत्येक दाराची चौकट गडद निळी होती. प्रत्येक स्विचबोर्डाभोवती निळी पट्टी होती. ओट्याची कड निळी, न्हाणीघराचा उंबरा निळा, फ्रिजची मूठसुद्धा निळी. रेषा कुठेही सरळ नव्हती. फरशीवर थेंब होते.

“डॉक्टर म्हणाले होते ना,” तो माझ्याकडे न बघता बोलू लागला, “कडा दिसायला हव्यात, भिंत फिकी असेल तर चौकट गडद पाहिजे. गॅसच्या बटणांना पिवळा दिलाय, कारण शेगडी स्टीलची आहे. दोन हात दिलेत. मालक म्हणतो डिपॉझिट विसरा.”

“तू तेव्हा फोनमध्ये होतास.”

“लिहून घेत होतो.”

मी वैतागले होते, अजूनही. “आधी फोन का नाही केलास?”

“काय बोलणार?” तो म्हणाला. “जे बोललो असतो ते तू आधीच सोडवून ठेवलं असतंस.”

हे खरं होतं. मी दारातच उभी राहिले आणि मनात त्याचं झाड पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. हो, नाही, नंतर बघू. तीन फांद्या, तिन्ही बोलायच्या. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना सांगते, की जी चाल झाडात लिहिली नाही, ती समतोलच्या जगात नसते. रंगाचा डबा त्यात कुठेच नव्हता. मी स्वतः बांधलेल्या झाडातही नव्हता. मला तो सुचलाच नव्हता.

“हे कधी केलंस?”

“बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सुरू केलं. मला रंगवता येत नाही, म्हणून वेळ लागला.”

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा त्याच्या हिशेबाने मी अजून एक दिवस चिडलेली राहून मान्यच करणार होते.

माझ्या पर्समध्ये बाबांचं घड्याळ होतं. मी ते काढलं नाही. त्याने मागितलंही नाही.

“ओजस, तो फ्रिजला रंग लावायची काय गरज होती?” मी म्हणाले. “मूठ चिकट होणार आता कायमची. आणि हे थेंब कोण पुसणार? टर्पेंटाइन आणलंस का तरी?”

“संपलं.”

“संपलं म्हणे!”

आमचं हे चालू असताना आई आत गेली होती. नवीन घरात शिरली की ती भिंतीला हात लावत लावत चालते, हल्ली वर्षभर. इथे तिने हात लावला नाही. दिवाणखान्याच्या मधोमध ती थांबली, मान जराशी तिरकी केली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली.

“हा रंग कुणी निवडला?” तिने विचारलं.

“मी, काकू,” ओजस म्हणाला.

“भयंकर आहे,” आई म्हणाली.

मग ती सरळ चालत गेली, चौकटीतून बरोबर मधून, कुठेही न चाचपडता. आतून एकदा खट्ट आवाज आला आणि भर दुपारी स्वयंपाकघरातला दिवा लागला.